मागची शिवण

तपासणी अकराला होती आणि मास्तरांनी आठ वाजता चहा घेतला होता. चहाबरोबर चार बिस्किटं. ही बातमी त्यांनी स्वतःच दिली, कटिंग टेबलावरून मान वर न करता, गिऱ्हाइकाचं माप सांगावं तशा कोरड्या आवाजात.

धाकटा गाडीची किल्ली हातात घेऊन दुकानाच्या दारात उभा होता. शहराच्या दुसऱ्या टोकाहून, कचेरीत रजा टाकून, तो वडिलांना न्यायला आला होता.

“काय घेतलंत?”

“चहा. आणि चार बिस्किटं. छोटी होती.”

“छोटी होती म्हणजे? पोटात दुर्बीण घालणार आहेत बाबा, तिला छोटं-मोठं कळत नाही. रात्रीपासून काही खायचं नाही हे डॉक्टरांनी तीनदा सांगितलं. मी कागदावर लिहून दिलं. कुठाय तो कागद?”

कागद टेबलावरच होता. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मास्तरांनी कुणाच्या तरी बाहीचं माप लिहून ठेवलं होतं.

“मग आता राहू दे आजचं,” मास्तर म्हणाले आणि निळ्या कापडावर त्यांनी खडूची एक लांब रेघ ओढली. त्या रेघेत इतकं समाधान होतं की धाकट्याच्या डोक्यात तिडीक गेली. तो जिन्याशी गेला आणि वर तोंड करून ओरडला, “आई! यांनी खाल्लं!”

दुकान खाली, घर वर, मध्ये सोळा पायऱ्या. तीस वर्षं मास्तरांचा डबा या सोळा पायऱ्या उतरून खाली येत होता, कारण जेवायला वर जाण्याएवढी सवड मास्तरांना कधी झाली नाही. टेबलाच्या कोपऱ्यावर डबा उघडायचा, उभ्यानेच खायचं, एका हातात घास आणि दुसऱ्या हातात टेप, चार मिनिटांत डबा बंद. चावण्याचं काम त्यांनी पोटावरच सोपवलं होतं. तीन वर्षांपूर्वी पोटाने ते काम करायला साफ नकार दिला.

तेव्हापासून दोन घासांत पोट भरल्यासारखं व्हायचं आणि तरी तासाभराने आत कुरतडायचं. जेवण झालं की पोट फुगायचं, जळजळ छातीवरून घशापर्यंत चढायची, सकाळी उठलं की मळमळ. ढेकर तर वेळकाळ बघत नसत. गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेताना आला की मास्तर तोंड फिरवून “हं” म्हणायचे आणि पुढचा आकडा सांगायचे. गिऱ्हाइकं सवयीने माफ करत होती. घरचे करत नव्हते.

कारण घरातल्या प्रत्येकाकडे या अपचनाचं एक स्वतःचं कारण होतं आणि ते सोडायला कुणी तयार नव्हतं. आईच्या मते सगळं उभ्याने जेवण्याने झालं होतं. थोरला, जो दुकानात वडिलांच्या शेजारच्या मशीनवर बसायचा, त्याच्या मते दिवसाच्या नऊ कप चहाने. धाकट्याला फोनवर रोज नवीन कारण सापडायचं आणि ते तो फोनवरूनच सगळ्यांना वाचून दाखवायचा. आत्याचं म्हणणं होतं की कारणबिरण काही नाही, आमच्या घराण्याचं पोटच असं. आणि शेजारपाजारी, ज्यांना कुणी विचारलं नव्हतं, त्यांना कारण सुनेच्या हातच्या स्वयंपाकात दिसत होतं.

पाच मिनिटांत सगळे वरच्या जेवणाच्या टेबलाभोवती जमले. मास्तरांनाही वर आणण्यात आलं, आणि पुरावा म्हणून धाकट्याने तो कागदही आणला. ते खुर्चीत उशी घेऊन बसले. महिनाभर ते उशीशिवाय बसत नव्हते. मागे काहीतरी टोचतं म्हणायचे.

“चहा दिला कुणी?” आईने विचारलं. तिने विचारलं सगळ्यांना, पण बघितलं सुनेकडे.

“मी नाही दिला, आई. मी काल रात्रीच चहाचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावलंय. ही बघा किल्ली.”

“मग आभाळातून पडला?”

“मी दिला,” आत्या म्हणाली.

ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर थर्मास. मास्तरांची मोठी बहीण दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि या घरात तिला वेळेचं किंवा दाराचं बंधन नव्हतं.

“लपूनछपून नाही दिला. समोर बसून दिला. बिस्किटंही मीच आणली.”

“वन्सं, आज दुर्बीण आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं?”

“माहीत होतं म्हणून तर दिला.”

आईने दोन्ही हात टेबलावर टेकवले. “तीन महिने. तीन महिने मी या माणसाच्या मागे लागून लागून तारीख घ्यायला लावली. तीन महिन्यांचं तुम्ही चार बिस्किटांत मातेरं केलंत.”

“आमच्या वडिलांना असंच नेलं होतं,” आत्या म्हणाली. “पोटाचंच होतं त्यांनाही. स्वतःच्या पायांनी चालत गेले. पोट उघडलं, परत शिवलं, घरी आणलं ते अंथरुणातच. तीन आठवड्यांत संपले. मी बारा वर्षांची होते, हा आठ. तुम्ही कुणी नव्हतात तेव्हा.”

“आत्या, त्याला पन्नास वर्षं झाली,” धाकटा म्हणाला. “आता पोट उघडत नाहीत. तोंडातून नळी घालतात. दहा मिनिटं लागतात.”

“आधी नळी घालतात. मग उघडतात.”

“असं काही नसतं!”

“तू डॉक्टर आहेस?”

“तू आहेस?”

“आत्याशी नीट बोल,” मास्तर म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना ठामपणे बोलायला विषय मिळाला होता.

थोरला आतापर्यंत गप्प होता. त्याचं मन खाली दुकानात होतं. एका शाळेचे चारशे दहा गणवेश सोमवारी द्यायचे होते, त्यातले एकशे साठ अजून कापायचे होते, आणि दुकानात कापणारे हात दोनच होते, दोन्ही मास्तरांचे. थोरला शिवायचा उत्तम, पण कापडाला कात्री लावायची म्हटलं की त्याला घाम फुटायचा. तो घसा खाकरून म्हणाला, “माझं ऐका. आता खाल्लंच आहे, तर पुढच्या आठवड्यात करू. गणवेश होतील. डॉक्टरही म्हणालेत ना, घाई नाही.”

“तू आत्याच्या बाजूने?” धाकटा किंचाळलाच.

“बाजूचा प्रश्नच नाही. घाई आहे का? तूच होतास ना बरोबर? काय म्हणाले डॉक्टर?”

धाकट्याला सांगावं लागलं, कारण ते खरं होतं. डॉक्टरांनी मास्तरांना तीन गोष्टी विचारल्या होत्या. वजन कमी झालंय का, गिळताना अडकतं का, शौचाला काळी होते का. यातलं एकही असेल तर उद्याच्या उद्या यायचं, नाहीतर सवडीने तारीख घ्यायची. मास्तरांनी तिन्हींना नाही म्हटलं होतं. चौथं विचारलं होतं, काही औषध चालू आहे का. त्यालाही नाही.

“झालं तर मग,” थोरला म्हणाला.

“झालं तर मग,” आत्याही म्हणाली.

आईने नवऱ्याकडे बघितलं. मास्तर टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होते, लाकूड कुठे खडबडीत लागतं ते बघत. हा माणूस आता पुन्हा निसटणार, पुन्हा खाली जाऊन उभ्याने जेवणार, पुन्हा रात्री तीन उशा घेऊन बसणार, आणि सगळ्या घराने पुन्हा फिकं, उकडलेलं, बेचव अन्न गिळायचं. तिला रडू आलं नाही, संताप आला. एवढी वर्षं संसार केल्यावर तिचं रडू आणि संताप एकाच वाटेने यायला लागले होते.

सून कधी उठून गेली हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. ती आली तेव्हा हातात फोन होता.

“दवाखान्यात विचारलं. शेवटचा नंबर अडीचचा आहे. खाल्ल्यावर सहा तास मोकळे जायला हवेत, आठ ते अडीच साडेसहा होतात. आतापासून पाण्याचा थेंबही नाही. मी नंबर घेतलाय.”

“कुणाला विचारून?” आत्या ताडकन म्हणाली.

“दवाखान्याला,” सून म्हणाली. “आणि आत्या, तीन वर्षं लोक माझ्या हातच्या जेवणाने बाबांचं पोट बिघडलं म्हणतात. तुम्हीही म्हणालात, दोनदा. मी ऐकून घेतलं. आता एकदा कुणीतरी आत बघून सांगू दे, मीच असेन तर मीच.”

थोरल्याने बायकोकडे अशा नजरेने बघितलं की हे आधी मला तरी सांगायचंस. तिने ती नजर उचललीच नाही. “पँटला इस्त्री करते,” म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली. मागे वाद पुन्हा सुरू झाला. तिला दारातून धाकट्याचा आवाज येत होता, “पंधरा कारणं दिली आहेत इथे, ऐका तरी,” आणि आईचा, “सोळावं मी सांगते, हट्ट.”

मास्तरांची बाहेर जायची पँट एकच, काळी. दुकानात ते नाडीचा ढगळ पायजमा घालायचे. काळी पँट ते स्वतः धुवायचे, स्वतः इस्त्री करायचे, दुसऱ्या कुणाची इस्त्री त्यांना पसंत नसायची. आज पहिल्यांदाच ती सुनेच्या हाती आली होती. तिने पँट पसरली, इस्त्री उचलली आणि तशीच हवेत धरून राहिली.

मागचे दोन्ही खिसे एकमेकांना जवळजवळ चिकटले होते.

या घरात आली तेव्हा तिला बटणही नीट लावता येत नव्हतं. सासऱ्यांनी तिला शिकवलं. आधी काजं, मग कपडे सैल-घट्ट करणं. दहा वर्षांत लोकांच्या किती पँटी तिने आत घेतल्या आणि बाहेर सोडल्या, त्याची मोजदाद नव्हती. मागचे खिसे जवळ आले म्हणजे कंबर आत घेतलेली, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने इस्त्री बाजूला ठेवली आणि पँट उलटी केली.

मधल्या शिवणीला आत चार ओळी होत्या. पहिली काळ्या दोऱ्याची, मूळची. तिच्या आतून खाकी. तिच्या आतून करडी. आणि सगळ्यात आत निळी.

दोरे ती ओळखत होती, कारण मशीनवर जे काम चालू असेल त्याच दोऱ्याने मास्तर किरकोळ कामं उरकायचे. खाकी दोरा पहारेकऱ्यांच्या कपड्यांचा, सात महिन्यांपूर्वीचा. करडा हॉटेलातल्या वेटरांचा, त्याला चार महिने झाले. निळा शाळेच्या गणवेशाचा. निळा आत्ता, या क्षणी, खाली मशीनवर चढवलेला होता.

बसताना बाबांना मागे काय टोचत होतं तेही तिला कळलं, मांस उतरून वर आलेली हाडं. आत दुमडलेलं कापड बोटभर जाड झालं होतं. तिने कपाटावरची टेप गळ्यात टाकली, पँट उचलली आणि बाहेर येऊन ती सगळ्यांच्या मधोमध, टेबलावर, उलटीच पसरली.

“बाबा, उभे राहा. हात वर करा.”

“कशाला?”

“माप घ्यायचंय.”

दुकानाचा नियम होता, एकाने माप घेऊन मोठ्याने सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं. टेप दिसली की थोरल्याचा हात आपोआप पेन्सिलीकडे जायचा. तसा तो आताही गेला. धाकट्याने लिहून दिलेला तो कागद त्याने पुढे ओढला.

मास्तर उभे राहिले. का उभे राहिले हे त्यांनाही सांगता आलं नसतं. आयुष्यभर त्यांनी लोकांना हात वर करायला सांगितलं आणि लोकांनी केले. आपल्यावर वेळ आली तर नाही कसं म्हणायचं, हे त्यांना माहीतच नव्हतं. सुनेने सैल सदरा वर केला आणि टेप कमरेभोवती फिरवली.

“कंबर एकतीस.”

थोरल्याने एकतीस लिहिलं. मग मान वर केली. “नीट बघ.”

“दोनदा बघितलं.”

“छत्तीस आहे त्यांची. ही पँट मी शिवली आहे, चार वर्षांपूर्वी. मी शिवलेली पहिली पँट, जी बाबांनी...” तो थांबला. समोर पसरलेल्या पँटीतली काळी ओळ त्याची होती. आतल्या तिन्ही ओळी इतक्या सरळ होत्या की त्या त्याच्या असणं शक्य नव्हतं.

“सात महिन्यांत पाच इंच,” सून म्हणाली. “शेवटचे दोन या महिन्यात. निळा दोरा आहे.”

मग धाकटा बोलला, आणि त्याचा आवाज मघासारखा चढा नव्हता.

“डॉक्टरांनी विचारलं होतं, कपडे सैल झालेत का. तुम्ही कमरेत बोट घालून दाखवलंत, बाबा. म्हणालात, बघा, बोटही जात नाही. मी तिथेच बसलो होतो. मी पण मान हलवली.”

“काम नीट झालं होतं,” मास्तर म्हणाले.

“काम नीट झालं होतं!” आईचा आवाज फाटला. “अहो, कुणाला फसवत होतात? मला? त्या डॉक्टरांना?”

मास्तर खुर्चीत बसले. फसवण्याचा त्यांचा विचार नव्हता, हे त्यांना सांगायचं होतं. पहिल्यांदा पँट सैल झाली तेव्हा त्यांनी फक्त ती दुरुस्त केली, कारण सैल पँट घालून बाहेर पडणं शिंप्याला शोभत नाही. दुसऱ्यांदा त्यांना भीती वाटली. तिसऱ्यांदा भीती इतकी होती की त्यांनी दार लावून घेतलं होतं. नळीची भीती त्यांना नव्हतीच. नळी बाहेर काढल्यावर डॉक्टर जे बोलतील, त्याची होती. ते ऐकलं नाही तोवर आपण नुसते अपचनवाले, आणि अपचन काय, कुणालाही असतं.

“आणि बाकीचे दोन प्रश्न?” सुनेने विचारलं. ती अजून टेप गळ्यात घालून समोर उभी होती. “गिळताना?”

“गिळताना नाही अडकत. खरंच नाही.”

“आणि तिसरं?”

मास्तरांनी आपल्या बहिणीकडे बघितलं, मग जमिनीकडे. “पंधरा दिवस झाले,” ते म्हणाले. “डांबरासारखी काळी.”

थोरला उठला. खुर्ची मागे पडली ती त्याने उचलली नाही. जिन्यावर त्याची पावलं धाडधाड खाली गेली आणि तशीच वर आली. त्याच्या हातात बटणांचा डबा होता. त्याने झाकण काढून डबा टेबलावर पालथा केला. पांढरी, काळी, शिंपल्याची बटणं चहूकडे घरंगळली आणि त्यांच्यात गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, सात-आठ, बहुतेक अर्ध्या रिकाम्या.

“खांद्याच्या,” थोरला म्हणाला. “कात्री चालवून खांदा धरतो ना. रोज दोन. काम जास्त असलं की चार. सकाळी उपाशीपोटी, चहाबरोबर. मीच आणून देतो. चार वर्षं झाली.” त्याने तोंड पुसलं. “मला वाटलं खांद्याच्या गोळ्या, त्याचा पोटाशी काय संबंध. औषध चालू आहे का विचारलं तर यांनी नाही सांगितलं, मी तिथे नव्हतो. पण घरी धाकट्याने सांगितलं तेव्हा होतो. तेव्हाही बोललो नाही. गणवेश डोक्यात होते.”

“पंधरा कारणांत हे होतं,” धाकटा हळूच म्हणाला. “चौथं. मी वाचून दाखवलं होतं.”

“तुझं कोण ऐकतं?” आई म्हणाली. पण ती त्याला बोलत नव्हती, कुणालाच बोलत नव्हती. ती एकेक पट्टी उचलून एका बाजूला रचत होती, डॉक्टरांना दाखवायला.

आत्या अजून खिडकीजवळच होती. आता ती उठली. थर्मास तिने खुर्चीवर ठेवला आणि टेबलाशी येऊन पँटीच्या शिवणीवर हात ठेवला. तिला वाटलं होतं आपण काहीतरी बोलू, की हे घराण्याचंच आहे, की नशिबापुढे काय चालतं. पण बोटांना कापड लागलं आणि तिला वडिलांचं मशीन दिसलं.

बारा वर्षांची होती ती. वडील मशीनवर स्वतःची पँट घेऊन बसायचे आणि काम झालं की जास्तीचं कापड कात्रीने कापून खाली टाकायचे. लांब, निमुळत्या, काळ्या पट्ट्या. त्या ती गोळा करायची. त्या उन्हाळ्यात तिने त्या पट्ट्यांतून बाहुलीचे कपडे शिवले होते, आधी एक झगा, मग एक कोट, कोटाला पट्टाही, आणि असे आणखी. नवीन पट्टी पडली की ती टाळ्या वाजवायची. वडील हसायचे. दवाखान्यात नेलं तेव्हा बाहुलीकडे पाच जोड कपडे होते.

दवाखान्यात नेलं म्हणून ते गेले, असं ती पन्नास वर्षं सांगत आली होती.

तिने शिवणीतलं जाड दुमडलेलं कापड दोन बोटांत धरलं आणि पुन्हा पुन्हा चाचपलं. “याने कापलं नाही,” ती म्हणाली.

“काय, आत्या?”

“कापड. आत तसंच आहे सगळं. जुन्या ओळीही उसवल्या नाहीत.” तिने ती दुमड बोटांतून सोडली नाही. “आमच्या वडिलांनी कापलं होतं. त्यांना पुन्हा ती सोडायची नव्हती. आणि मी वेडी, त्या कापडाचे बाहुलीला कपडे शिवत होते. मला इतका आनंद व्हायचा, गं. मी वाट बघायचे त्याची.”

ती खाली बसली नाही, रडली मात्र, उभ्यानेच, सगळ्यांसमोर. या घरात तिला रडताना कुणी बघितलं नव्हतं. आई उठली, तिच्याजवळ गेली आणि तिच्या हातात रुमाल दिला. मघाशी याच हाताने तिला आत्याचा थर्मास खिडकीतून फेकावासा वाटत होता.

“का नाही कापलंस?” आत्याने भावाला विचारलं.

मास्तरांनी खांदे उडवले. “सोडावी लागली तर,” ते म्हणाले. “कापड असलेलं बरं.”

“मग ऊठ.”

“ताई, चहा तूच तर...”

“मूर्खपणा केला मी. ऊठ म्हणते ना! अडीचला नंबर आहे. आणि पाणी मागायचं नाही.”

“एकशे साठ कापायचे राहिलेत.”

“मी कापतो,” थोरला म्हणाला. म्हटल्यावर त्याला घाम फुटला, पण त्याने शब्द मागे घेतले नाहीत. “दोन-चार बिघडतील. बिघडू देत.”

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं. “बिघडतील तर मागच्या भागाचे बिघडव,” ते म्हणाले. “पुढचे आधी काप. आणि उभ्या धाग्याची दिशा बघून.” मग ते उशीवरून उठले.

काळी पँट त्यांना कुणी दिली नाही. ते नाडीच्या पायजम्यातच गाडीत बसले आणि वाटभर त्याबद्दल कुरकुरले. पँट सुनेने आपल्या पिशवीत घातली, त्याबरोबर एक ब्लेड.

दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या होत्या. एकजण हलला की सगळे हलायचे. धाकटा सारखा उठत होता, म्हणून सगळे सारखे हलत होते. तीनला दहा कमी असताना दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टर बाहेर आल्या. त्यांनी गोळ्यांच्या पट्ट्यांची ती गड्डी हातात घेतली, नुसती बघितली आणि परत आईला दिली.

“जठरात मोठी जखम आहे. रक्त झिरपत होतं, म्हणून काळी होत होती. या गोळ्यांनीच झालेली दिसते. तुकडा तपासायला पाठवलाय, त्याचं उत्तर चार दिवसांनी येईल, तोवर मी काही ठाम सांगत नाही. पण दिसायला ती साधी जखम वाटते. औषधाने भरेल. वजनही येईल. आज त्यांना ठेवून घेते.” मग त्यांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे बघितलं. “पुढच्या आठवड्यात आणलं असतंत तर वेगळं बोलावं लागलं असतं.”

पुढच्या आठवड्याचं नाव काढणारा माणूस त्या वेळी घरी निळ्या कापडाला कात्री लावत होता. सुनेने त्याला फोन केला आणि फक्त पहिला भाग सांगितला. शेवटचं वाक्य तिने कधीच सांगितलं नाही.

मास्तरांना खोलीत आणलं तेव्हा गुंगी पुरती उतरली नव्हती. घसा बसला होता. त्यांनी डोळे उघडून छताकडे बघितलं, मग आईकडे, मग त्यांना आठवलं.

“किती कापले?”

“चाळीस,” धाकटा म्हणाला. “तीन बिघडले.”

“तीनच?” मास्तरांना जरासं वाईट वाटलेलं दिसलं. मग म्हणाले, “माझी पँट कुठाय?”

पँट पलंगाच्या पायथ्याशी आत्याच्या मांडीवर होती. सुनेकडून ब्लेड तिने केव्हाच काढून घेतलं होतं. चष्मा नाकावर ओढून, पँट डोळ्यांपुढे धरून, ती निळी ओळ टाका टाका करून उसवत होती. तिच्या पदरावर निळ्या दोऱ्याचे तुकडे पडले होते.

“ही मी सोडतेय,” ती मान वर न करता म्हणाली. “निळी आज. करडी पुढच्या महिन्यात. खाकीचं नंतर बघू. पण ती कमरेवर राहायला तुला आता जेवावं लागेल, नीट.”

“जेवतो की मी.”

“बसून,” आई म्हणाली.